गळ्याचा सातबारा

आपल्याकडे माणूस पंचाहत्तरीला पोचला की त्याच्यावर गौरवग्रंथ कोसळतो. बर्मिंगहॅमकडच्या हेवी मेटल गायकावर बॉक्स सेट कोसळतो. दोन्हींचे वजन साधारण सारखेच, आणि दोन्ही उघडून बसण्यापेक्षा हातात धरून फोटो काढायला जास्त सोयीचे. रॉब हॅलफर्ड (जन्म १९५१) ज्यात गातो त्या 'ज्यूडस प्रीस्ट' या बँडने २००४ साली 'मेटॅलॉजी' नावाचा संच काढला. त्यात चार सीडी, एक डीव्हीडी, आणि हॅलफर्ड मनगटावर मिरवतो तसले धातूचे खिळे चक्क खोक्यालाच ठोकलेले. तेवढ्याने भागले नाही म्हणून २०२१ मध्ये, पन्नाशीच्या निमित्ताने, ४२ सीडींचे दुसरे खोके आले. ४२ तबकड्या सलग ऐकायच्या तर अखंड हरिनाम सप्ताहासारखे पहारे लावावे लागतील, आणि रात्री दोन ते चारच्या पहाऱ्याला कुणीही येणार नाही. बरे, असले खोके घेणारा माणूस नवखा नसतो. त्याने तरुणपणी हीच गाणी रेकॉर्डवर घेतलेली असतात, मग कॅसेटवर, मग सीडीवर. एवढे सगळे घरात असताना तो चौथ्यांदा पैसे मोजतो आणि खोके प्लास्टिकच्या वेष्टनासकट कपाटात ठेवतो. याला वेड म्हणून सोडून देणे सोपे आहे. पण सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाने तरी त्याला हसू नये, कारण याच वेडाचा सरकारी नमुना आपल्या प्रत्येकाच्या ट्रंकेत घडी घालून ठेवलेला असतो. बॉक्स सेट ऐकण्यासाठी नसतोच. तो गायकाच्या गळ्याचा सातबारा असतो.

सातबाऱ्यात ज्वारी पेरता येत नाही, त्याला उजनीचे पाणी सोडता येत नाही, आणि उसाची तोड आली तरी त्याच्यावर कोयता चालत नाही. तरीही दोन सख्खे भाऊ त्या कागदासाठी अर्धे आयुष्य कोर्टाच्या पायऱ्यांवर घालवतात, कारण जमीन नुसती असून भागत नाही, ती कागदावरही असावी लागते. गाव नमुना सात सांगतो की मालक कोण, क्षेत्र किती, बोजा कुणाचा. गाव नमुना बारा सांगतो की कोणत्या साली कोणते पीक घेतले. बॉक्स सेट याहून वेगळे काय करतो? या आवाजाचा धनी कोण आणि कोणत्या साली त्याने काय पिकवले, एवढेच तो लिहून ठेवतो. सोबतच्या जाड पुस्तिकेत गीतकार, वादक, ध्वनिमुद्रणाची जागा आणि तारीख असते. तो 'इतर हक्कां'चा रकाना. जुन्या गाण्यांवर नव्या यंत्रातून हात फिरवून ती चकचकीत केली जातात, तो फेरफार. कंपनीचा बोजा तर असतोच. ज्यूडस प्रीस्टच्या पहिल्या दोन अल्बमांचे हक्क 'गल' नावाच्या छोट्या कंपनीकडे अडकले होते. बँड पुढे मोठ्या कंपनीत गेला, पण सुरुवातीचा तुकडा दुसऱ्याच्या नावावर. वडिलोपार्जित बांधावरून भांडणारा कुठलाही मोहोळकर ही गोष्ट भाषांतराशिवाय समजून घेईल. आणि सर्वांत महत्त्वाचा, पोटखराबा. प्रत्येक बॉक्स सेटमध्ये एक तबकडी अर्धवट प्रयोगांची असते. गायक कडव्याचे शब्द विसरतो, कुणीतरी खोकतो, गाणे मध्येच थांबते आणि चारजण हसतात. कसता न येणारे हे क्षेत्र. पण मोजणीत ते धरावेच लागते, नाहीतर एकराचा मेळ बसत नाही. गंमत अशी की खरा भक्त खोके फोडतो ते याच तबकडीसाठी. सुपीक जमीन सगळ्यांनी पाहिलेली असते. खडकाळ कोपरा फक्त मालकाला ठाऊक असतो.

आता कुणी म्हणेल, बर्मिंगहॅम कुठे, सोलापूर कुठे, आणि हेवी मेटलचा आपल्या चादरीशी काय संबंध? संबंध मागाचा आहे. हे संगीत कुणा राजवाड्यात जन्मले नाही, ते कारखान्याच्या गावात जन्मले. ऑझी ऑझबर्न (जन्म १९४८) बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागातला. गायक होण्याआधी तो लुकासच्या कारखान्यात मोटारींचे हॉर्न सुरात लावायचे काम करत असे. दिवसभर भोंगे ऐकलेल्या माणसाने पुढे जे गायले ते गायले, यात नवल काय! त्याचा साथीदार टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात होता. नोकरीच्या शेवटच्या दिवशी यंत्राखाली त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, ताण सोसेना म्हणून पुढे गिटारच्या तारा सैल केल्या, आणि त्या सैल तारांतून जो जड, खर्जातला घुमारा निघाला त्यावर 'ब्लॅक सॅबथ' उभा राहिला. म्हणजे हेवी मेटल हा मुळात कारखान्यातला अपघात आहे. फक्त नुकसानभरपाई जरा वेगळ्या मार्गाने वसूल झाली. सोलापुरात जुनी मिल १८७७ साली सुरू झाली. तिच्यामागून लक्ष्मी-विष्णू आली, नरसिंग गिरजी आली, आणि शहर घड्याळाऐवजी भोंग्यावर उठू-जेवू लागले. गिरण्या गेल्या तरी पूर्वभागातले यंत्रमाग राहिले. त्या खटक-पटक तालाला कुणी संगीत म्हणत नाही, पण त्या तालात बोलायचे तर आवाज चढवावाच लागतो. सोलापूरकर सहज बोलला तरी परगावच्या माणसाला भांडण चालू आहेसे वाटते. त्याचा उलगडा काहीजण मिरचीत शोधतात, काहीजण शेंगाचटणीत. तो मागात शोधावा, असे माझे मत आहे.

आक्षेप लगेच येईल की आपल्याकडे गिटार कुठे होती? पण गिटार हा हेवी मेटलचा पोशाख झाला, देह नव्हे. देह म्हणजे यंत्राच्या आवाजावर मात करणारा माणसाचा आवाज, आणि त्या पिकाला या जिल्ह्याची काळी माती फार मानवली. बार्शीचे अमर शेख (१९१६–१९६९) स्वतः गिरणीत राबलेले. कामगार चळवळीतून तुरुंग पाहिलेले, अण्णाभाऊ साठे आणि गवाणकरांच्या जोडीने लालबावटा कलापथक उभे केलेले, संयुक्त महाराष्ट्राच्या मैदानांवर हजारोंच्या सभेला आवाजाने बांधून ठेवणारे. त्यांच्यापुढे मायक्रोफोन म्हणजे हळदीकुंकवाला बोलावलेला पाहुणा. मान द्यायचा, पण त्याच्यावाचून काही अडायचे नाही. हा माणूस ॲस्टनमध्ये जन्मला असता तर त्याच्या खोक्याला खिळे नव्हे, रूळ लावावे लागले असते. पण मैदानात गायलेल्या आवाजाची मोजणी होत नाही. ध्वनिमुद्रणे मूठभर, आणि बाकीचे क्षेत्र ऐकलेल्यांच्या कानांबरोबर वाहून गेले. इथे सातबाऱ्याचा प्रश्नच मिटला, कारण जमीनच उरली नाही.

खरी गुंतागुंत दुसऱ्या टोकाला आहे. तिथे जमीन अफाट आहे आणि कागद नाही. मूळ मंगळवेढ्याच्या शिंदे घराण्यातले प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४) हे ते टोक. त्यांना मेटल गायक म्हटले म्हणून कुणी दुखावून घेऊ नये. वरच्या पट्टीत नेऊन सोडलेला, तिथेच तळ ठोकून राहणारा, न कापणारा आवाज ही मेटल गायकाची पहिली पात्रता असते, आणि ती या गळ्यात उपजत होती. शिवाय पिकांची फेरपालट पाहा. विठ्ठलाची गाणी, अंबाबाईची गाणी, भीमगीते, कव्वाली, लोकगीते. आषाढीला पंढरपुरात जो आवाज, तोच चौदा एप्रिलला सोलापूरच्या मिरवणुकीत. एकाच गळ्याने दोन्ही गर्दींना आपलेसे वाटावे, हे ऑझीला जमले नाही. त्याच्या मैफलीत काळे टी-शर्ट सोडून दुसरा रंग दिसत नसे. एवढ्या क्षेत्राचा उतारा मागायला जावे तर काय हाती लागते? गाणी किती, असे विचारले की 'हजारो' एवढे उत्तर मिळते. हे उत्तर जमिनीबद्दल दिले तर तलाठीसुद्धा चष्मा काढून बघेल.

तसे पाहिले तर या आवाजाचा बॉक्स सेट बाजारात होऊन गेला. पंढरपुरात प्रदक्षिणेच्या वाटेवर कुंकू, बुक्का, तुळशीमाळा आणि चुरमुऱ्यांच्या शेजारी आधी कॅसेटी टांगलेल्या असत, मग एकाच तबकडीत पन्नासेक गाणी कोंबलेल्या एमपीथ्री सीडी आल्या, मग मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून मिळू लागले. करिअर-भराचा संच, आणि किंमत नारळाएवढी. बर्मिंगहॅमवाले ज्याला चार दशके आणि वकिलांची फौज लावतात ते काम आपल्याकडे एक पोरगा चहा निवेपर्यंत उरकतो. मात्र त्या सीडीचे मुखपृष्ठ हा अभ्यासाचा विषय आहे. मध्यभागी विठ्ठल, डावीकडे रुक्मिणी, मागे सूर्यकिरणे, खाली पताका, एका कोपऱ्यात गायकाचा चेहरा. गीतकार, संगीतकार, ढोलकीवाला यांच्यासाठी जी जागा उरते ती किमतीच्या चिकटपट्टीखाली जाते. 'पाऊले चालती पंढरीची वाट' हे गाणे माहीत नाही असा माणूस मराठी मुलखात सापडणे अवघड. ते दत्ता पाटलांनी लिहिले आणि मधुकर पाठकांनी स्वरबद्ध केले, हे माहीत असलेला माणूस सापडणे त्याहून अवघड. बऱ्याच भाविकांची तर समजूत असते की ते तुकोबांचेच असणार. सातबाऱ्यावर नाव नसले की जमीन हळूहळू देवस्थानाकडे जमा होते, ती अशी. २००४ सालचा एक योग लक्षात राहण्यासारखा आहे. ज्या वसंतात त्या चार तबकड्यांचे खिळेवाले खोके दुकानांत आले, त्याच मे महिन्यात लोकशाहीर वामनदादा कर्डक गेले आणि जूनमध्ये प्रल्हाद शिंदे. तिकडे नोंद पक्की होत होती, इकडे मोजणीला उभे राहून हद्दी दाखवू शकतील अशी माणसे एकामागून एक निघून जात होती.

यावर सगळ्यात तयारीचा आक्षेप तरुणांकडून येतो. आता सगळेच मोबाइलवर फुकट मिळते, मग खोकी कशाला? फुकट कोठार उघडण्याचा या जिल्ह्याला चांगला अनुभव आहे. बहामनी काळात मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी धान्याची कोठारे लोकांना मोकळी केली, ही कथा सर्वांना पाठ असते. पण तिचा उत्तरार्ध घाईघाईत सांगितला जातो. विठ्ठल विठू महाराच्या रूपाने बेदरला गेला, बादशहापुढे मोहरा ओतल्या, आणि नुसता परतला नाही, त्याने पावती घेतली. साक्षात देवाला पावतीची गरज वाटली. मोबाइलवरची गाणी हे दामाजीचे कोठार आहे आणि लुटणाऱ्यांना त्याचे पुण्य लागो. प्रश्न पावतीचा आहे. तिथे एकच गाणे सात ठिकाणी सात नावांनी चढवलेले असते, साल म्हणजे चढवणाऱ्याने चढवले ते साल, आणि गीतकाराच्या रकान्यात कधी कधी चढवणाऱ्याच्याच दुकानाचे नाव.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि तो वयाने मोठी माणसे करतात. भक्तीच्या गाण्याला मालक कसला? ते देवाचे, ते सर्वांचे. नावाचा हव्यास हा विलायती रोग. बोलणे मोठे गोड आहे, फक्त वारकरी परंपरेला ते मान्य नाही. अभंगाच्या शेवटच्या चरणात संत आपले नाव घालतो. 'नाममुद्रा' हा आपल्याकडचा शब्द, आणि साऱ्या संसारावर पाणी सोडलेल्या माणसांनीही ती सोडली नाही. अहंकार सोडला, घर सोडले, तुकोबांनी कर्जाचे कागदसुद्धा इंद्रायणीत सोडले. सही मात्र कायम. कारण ती मिरवण्यासाठी नव्हती, उद्या कुणी दुसऱ्याच्या तोंडी भलते घालू नये यासाठी होती. तुकोबांच्या गाथेची सरकारी आवृत्ती विष्णुशास्त्री पंडितांनी शंकर पांडुरंग पंडितांच्या देखरेखीखाली संपादून १८६९ ते १८७३ मध्ये निघाली, तीही मुंबई सरकारच्या २४,००० रुपयांच्या मदतीने. मराठीतला पहिला भारदस्त बॉक्स सेट हाच, आणि सरकारी अनुदानावर निघालेला! आणि ओळख पटवण्याचा प्रसंग तर मंगळवेढ्याच्या वेशीतच घडला. १३३८ साली गावकुसाचे बांधकाम कोसळले, चोखोबा इतर मजुरांबरोबर गाडले गेले. नामदेवांनी हाडे कानाला लावली आणि ज्यांतून विठ्ठलनाम आले ती चोखोबांची म्हणून पंढरपुरी नेली, अशी परंपरा सांगते. ढिगाऱ्यातून नेमका माणूस आवाजावरून वेगळा काढणे, याहून मोठे संपादन कुठल्या रेकॉर्ड कंपनीने केलेले नाही.

ज्यांना आवाजाच्या मोठेपणावरच तुलना करायची आहे त्यांच्यासाठी एवढेच. १९७२ मध्ये लंडनच्या एका मैफलीत 'डीप पर्पल'चा आवाज ११७ डेसिबल भरला आणि गिनेस बुकाने त्यांना जगातला सर्वांत कर्णकर्कश बँड ठरवले. आपल्या कायद्यात वस्तीच्या भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. हा आकडा डॉल्बीवाल्याला सांगितला तर तो ऐकू आले नाही म्हणतो, आणि ते खरेच असते. मेटलवाले बोटांची शिंगे करून जी खूण करतात तिचेही नवल नको. ऑझीनंतर ब्लॅक सॅबथमध्ये आलेल्या रॉनी जेम्स डिओने ती आपल्या इटालियन आजीकडून उचलली, आणि आजी ती वाईट नजर उतरवायला वापरत असे. सैतानाची समजली गेलेली खूण निघाली आजीची मीठ-मोहरी.

तिसरा आक्षेप मात्र मला पूर्ण परतवता येत नाही. खोके काढले म्हणून नोंद खरी राहील याची हमी काय? ऑझीचेच उदाहरण घ्या. त्याच्या पहिल्या दोन एकल अल्बमांवर बॉब डेझ्लीचा बेस आणि ली कर्स्लेकचे ड्रम होते. मानधनावरून त्या दोघांनी दावे लावले. २००२ मध्ये ते अल्बम नव्याने निघाले तेव्हा दोघांचे वादन पुसून दुसऱ्या वादकांकडून वाजवून घेतलेले होते. रात्रीत बांध सरकवावा तसे. ऐकणाऱ्यांनी एवढा गिल्ला केला की २०११ च्या आवृत्तीत जुने वादन परत आणावे लागले. तर कागद खोटाही होतो. पण कागद होता म्हणूनच तो बदलल्याचे कळले, आणि परत कशाशी ताडून पाहायचे ते ठाऊक होते. जिथे मुळात नोंदच नाही तिथे ढोलकी कुणाची होती आणि कुणाची पुसली, यावर भांडायलाही काही उरत नाही. भांडणाला आधार नसणे ही सोलापूर जिल्ह्यात तरी मोठी आपत्ती समजली पाहिजे.

उतारा अद्ययावत ठेवण्याची कटकट तिकडेही आहेच. ऑझीने १९९२ मध्येच निरोपाचा दौरा जाहीर केला होता. नाव 'नो मोअर टूर्स'. त्यानंतरही तो दौरे करत राहिला, २००५ मध्ये 'प्रिन्स ऑफ डार्कनेस' हा चार तबकड्यांचा संच काढून झाला, २०१८ मध्ये दुसरा निरोप-दौरा सुरू झाला. निवृत्तीची घोषणा करून पुन्हा अर्ज भरणे ही आपल्याच पुढाऱ्यांची मक्तेदारी नाही. शेवटी ५ जुलै २०२५ ला तो आपल्या ॲस्टनच्या मैदानावर सिंहासनात बसून गायला आणि सतरा दिवसांनी गेला. आता त्याचा उतारा पुन्हा काढावा लागेल. शिंद्यांकडे ती अडचण वेगळ्या प्रकारची आहे. तिथे वारसनोंद आपोआप झाली. आनंद, मिलिंद, दिनकर गायला लागले, मग नातू आदर्श. शेत चालू, मोट चालू, पीक चालू. कागदाला सवड कुणाला?

तरीही समजा, असे खोके निघालेच. पुठ्ठ्याऐवजी सोलापुरी चादरीत बांधावे, म्हणजे आहेरात देता येईल. चादर जशी न उलगडता या लग्नातून त्या लग्नात फिरते तसे तेही फिरेल. नाव 'पेटी' ठेवावे. मराठीत पेटी म्हणजे खोके, पेटी म्हणजे हार्मोनियम, आणि निवडणुकीच्या हंगामात पेटी म्हणजे एक लाख रुपये, त्यामुळे कुणाचाच गैरसमज व्हायचा राहणार नाही. आत भक्तिगीतांची एक तबकडी, भीमगीतांची एक, कव्वालीच्या दोन, आणि पोटखराब्याची एक हवीच, जिच्यात पेटीवाला सूर शोधतोय, कुणीतरी पाणी मागतोय आणि कोरस एक मात्रा आधीच घुसलाय. पुस्तिकेत प्रत्येक गाण्यापुढे गीतकार, संगीतकार, ढोलकी, साल. आणि फेरफाराच्या रिवाजाप्रमाणे सगळ्या संबंधितांना नोटीस: हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावी. कंपन्या हरकत घेतील, ते अपेक्षितच आहे. पण पहिला अर्ज पंढरपुरातल्या लाउडस्पीकरवाल्याचा असेल, वर कोर्ट फी स्टँप लावून: मालकी कुणाचीही लिहा, साहेब, ही गाणी दर आषाढीला पहाटे चारपासून मी वाजवतो, वडीलही वाजवत होते, तेव्हा वहिवाट आमची आहे आणि कब्जेदार म्हणून नाव लागले पाहिजे.